लिव्हरची फाइल, थायरॉईडची फाइल

मे महिन्यात खानदेशात घाम येतो म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. भुसावळ, जळगाव, धुळे इथं पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेलेला असतो. गच्चीवर झोपलं तरी अंग चिकट राहतं, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, वजन उतरतं, आणि हे सगळं उन्हाळ्याच्या नावावर खपून जातं. हिपॅटायटिस सीचे उपचार घेणाऱ्यालाही घरचे हेच सांगतात: ऊन बाधलं असेल, ताक पी, पडून राहा. पण घाम, धडधड, उतरलेलं वजन आणि हातांची बारीक थरथर एकत्र आली की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडत असण्याची शंका घ्यायला हवी. पुढे दिवाळीनंतर गारठा पडतो. तेव्हा थंडी सोसवत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, सकाळी उठवत नाही, आणि त्याचं खापर यकृतावर फुटतं. ‘कावीळवाल्याला अशक्तपणा असायचाच’ एवढं बोलून विषय संपतो. ग्रंथी मंदावली असेल अशी शंका कोणी घेत नाही.

‘आंग दुखस, जीव घाबरस, काई गोड लागत नही.’ अहिराणीत सांगितल्या जाणाऱ्या या तक्रारी विषाणूच्या असू शकतात, औषधाच्या असू शकतात, थायरॉईडच्याही असू शकतात. नुसतं ऐकून त्या वेगळ्या करता येत नाहीत, अनुभवी डॉक्टरलाही नाही.

त्यात भर पडते आपण आजार कसे सांगतो याची. ‘मला थायरॉईड आहे’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, हळदीकुंकवात मोकळेपणाने बोललं जातं. बायका एकमेकींच्या गोळीची ताकदही विचारतात, तुझी पन्नासची की पंचाहत्तरची. हिपॅटायटिस सीबद्दल असं बोललं जात नाही. ‘पांढरी कावीळ’ या एका नावाखाली बी आणि सी दोन्ही ढकलले जातात, आणि ते नाव ऐकताच ताट वेगळं, ग्लास वेगळा, मुलीच्या सोयरिकीची चिंता. खरं तर सीचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, लेकराला पाजल्याने तो पसरत नाही. तरी भीती आहे, म्हणून लपवणं आहे. मग थायरॉईडच्या डॉक्टरकडे थायरॉईडची फाइल जाते, लिव्हरच्या डॉक्टरकडे लिव्हरची. एकाच माणसाच्या शरीरात चाललेल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतच नाहीत. माझ्या मते या प्रश्नातलं बरंचसं नुकसान तिथे होतं. आज औषधं आहेत आणि तपासण्याही आहेत, पण दोन्ही फाइली एका टेबलावर येत नाहीत.

आधी आकडे, म्हणजे हे दोन आजार एकत्र भेटणं किती साधं आहे ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात हिपॅटायटिस सी असलेले सुमारे ५५ लाख लोक आहेत. थायरॉईडचं पारडं याहून कितीतरी जड आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांतल्या पाहणीत ५,००० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. त्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड मंद निघाली, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे हिपॅटायटिस सीच्या शंभर रुग्णांची रांग लावली तर त्यातल्या दहाएक जणांना नुसत्या योगायोगानेही थायरॉईडचा त्रास असायचा. औषधाने काही केलंच असेल तर ते त्याच्या वर.

विषाणू स्वतः काही करतो का? करतो, असं मानायला आधार आहे. इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंटरफेरॉन हे तेव्हाचं औषध कधीच न घेतलेले हिपॅटायटिस सीचे शेकडो रुग्ण तपासले. त्यांच्यात मंद थायरॉईड आणि थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळली. यकृताच्या पेशीत शिरताना हा विषाणू जे दार वापरतो, त्यातला एक भाग थायरॉईडच्या पेशींवरही असतो. विषाणूने दार वाजवलं तरी शरीराची संरक्षण यंत्रणा तिकडे धावते, आणि कधी कधी तिला आपलं-परकं कळेनासं होतं. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच गळ्यावर हात ठेवून बघणं आणि टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करणं शहाणपणाचं. आधी काय होतं याची नोंद नसेल, तर नंतर बिघडलेलं कोणामुळे बिघडलं ते सांगता येत नाही.

इथे एक फसवी खूण सांगायला हवी. थायरॉईड फार मंदावली की गाजर-भोपळ्यातलं पिवळं द्रव्य शरीरात साचतं आणि तळहात-तळपाय हळद लागल्यासारखे दिसतात. गावात लगेच कावीळ ठरते. मग गळ्यात काविळीची माळ येते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात, कुठे पोटावर डागही दिला जातो. पण काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, आणि मंद थायरॉईडच्या या पिवळेपणात डोळे पांढरेच राहतात. दिवसाच्या उजेडात, अंगणात उभं करून डोळे बघितले तर फरक घरीही ओळखता येतो. रात्री ट्यूबलाइटखाली बघू नये.

आता इंटरफेरॉन. आज हे औषध हिपॅटायटिस सीसाठी जवळपास कोणी देत नाही, तरी या आढाव्यातला मोठा भाग त्याला द्यावा लागतो. थायरॉईड आणि हिपॅटायटिस सी ही जोडी लोकांच्या आणि डॉक्टरांच्या मनात ज्याने पक्की केली ते हे औषध, आणि त्या काळात उपचार घेतलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

इंटरफेरॉन हे शरीर स्वतःच बनवतं. विषाणू आला की पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी ते सोडतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते ओळखलं. १९८६ मध्ये अमेरिकेत हूफनॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांवर ते वापरून पाहिलं. तेव्हा हिपॅटायटिस सी हे नावही नव्हतं, ‘ए नाही, बी नाही’ असली कावीळ म्हणत. विषाणू सापडला १९८९ मध्ये. त्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राईस यांना २०२० चं नोबेल मिळालं. १९९१ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली, १९९८ मध्ये जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या आल्या, आणि २००१ पासून आठवड्याला एकच टोचावं लागणारं पेगइंटरफेरॉन. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा विषाणूचा प्रकार म्हणजे जीनोटाईप ३. त्याला साधारण सहा महिने उपचार, जीनोटाईप १ ला वर्षभर. यश मिळायचं तिसऱ्या प्रकारात चारातल्या तिघांना, पहिल्या प्रकारात जेमतेम निम्म्यांना.

संरक्षण यंत्रणेला सहा महिने, वर्षभर सतत चिथावणी दिली तर ती फक्त विषाणूवरच तुटून पडेल याची खात्री नसते. इंटरफेरॉनमुळे थायरॉईडच्या पेशी संरक्षण यंत्रणेच्या नजरेत जास्त भरू लागतात, आणि या पेशींवर त्याचा सरळ मारही बसतो. उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना थायरॉईडचा प्रत्यक्ष आजार व्हायचा. नुसती प्रतिपिंडं तयार होणाऱ्यांची संख्या त्याहून मोठी, काही पाहण्यांत ४० टक्क्यांपर्यंत. कोणाला होईल याचा अंदाज मात्र आधी बांधता यायचा. टीपीओ नावाची प्रतिपिंडं उपचाराआधीच रक्तात असतील तर जवळपास निम्म्यांची ग्रंथी बिघडायची, नसतील तर विसात एखाद्याची. बायकांना धोका जास्त. एका रक्ततपासणीत एवढी मोठी पूर्वसूचना मिळत होती आणि ती अनेकदा केलीच गेली नाही, ही त्या काळातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट.

बिघाडाचे रस्ते वेगवेगळे होते आणि त्यातच गोंधळ व्हायचा. कोणाची ग्रंथी सरळ मंदावायची. त्याला थायरॉक्सिनची गोळी सुरू करायची आणि इंजेक्शन चालू ठेवायचं, बस. दुसऱ्या कोणाच्या ग्रंथीला सूज यायची आणि आत साठवलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडायचं. काही आठवडे धडधड, घाम, वजन घटणं, मग गोदाम रिकामं झाल्यावर उलट मंदपणा, आणि काही महिन्यांनी बऱ्याच जणांची ग्रंथी परत रुळावर. या सांडण्याच्या काळात हार्मोन बनणं रोखणारं कार्बिमॅझोल देऊन उपयोग नसतो, कारण ग्रंथी नवीन हार्मोन जास्त बनवतच नसते. नाडी शांत ठेवणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी आणि धीर एवढंच लागतं. तिसरा रस्ता ग्रेव्ह्ज या आजाराचा. त्यात ग्रंथी खरोखरच भरमसाट हार्मोन बनवते आणि आपणहून थांबत नाही. तिथे इंटरफेरॉन बंद करायचं का, हा कठीण निर्णय यायचा. दुसरा आणि तिसरा रस्ता बाहेरून सारखेच दिसतात. रक्तातली टीएसएच रिसेप्टरची प्रतिपिंडं किंवा ग्रंथीचा स्कॅन यांनीच ते वेगळे कळतात, आणि स्कॅनची सोय मोठ्या शहरात. म्हणून खानदेशातल्या रुग्णाला नाशिक, औरंगाबाद, मुंबई, नाहीतर सुरत-इंदूरची वाट धरावी लागायची.

त्या वाटेचा खर्च नुसता तिकिटाचा नव्हता. पेगइंटरफेरॉन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर पंचेचाळीस अंश, गावात तासन् तास भारनियमन, आणि घरातल्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी हजारो रुपयांचं इंजेक्शन. मोठ्या शहरातून ते थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून आणायचं, बर्फ वितळायच्या आत घर गाठायचं. पूर्ण कोर्सचा खर्च लाखांत जायचा. कपाशीच्या एका हंगामाचा पैसा त्यात गेला आणि चौथ्या महिन्यात थायरॉईड बिघडली म्हणून इंजेक्शनं थांबली, तर त्या घराने दोन्हीकडून गमावलं. यातलं बरंच थांबणं टाळता आलं असतं. मंद थायरॉईड हे उपचार थांबवण्याचं कारण कधीच नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच बघत राहायचं एवढाच नियम होता.

मानसिक बाजूही होती. इंटरफेरॉनमुळे स्वतंत्रपणे नैराश्य यायचं, चिडचिड व्हायची, झोप उडायची. बिघडलेली थायरॉईड तेच करते. घरात भांडणं व्हायची. ‘औषधाने स्वभावच बदलला हो यांचा’ असं सांगणाऱ्या वहिनींना, कदाचित थायरॉईडही तपासून घ्या, असं कोणी सांगायला हवं होतं. जोडीला रिबाव्हिरिन असायचं. ते तांबड्या पेशी फोडून रक्त कमी करतं, त्यामुळे दम आणि धडधड. म्हणजे विषाणू, इंटरफेरॉन आणि थायरॉईड यांच्यानंतर एका लक्षणाला चौथा मालक. हिमोग्लोबिन आणि टीएसएच एकाच वेळी पाहिल्याशिवाय यातून वाट निघत नाही. रिबाव्हिरिन आजही काही रुग्णांना द्यावं लागतं, म्हणून हे लक्षात असू द्यावं.

आणि मग दोन-तीन वर्षांत सगळं चित्र पालटलं. सोफोस्बुव्हिर ही रोज एक घ्यायची गोळी डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आली, तिथे १२ आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ९१ देशांसाठी ती बनवण्याचा परवाना दिला, जानेवारी २०१५ मध्ये भारतात तिला मान्यता मिळाली, आणि लवकरच २८ गोळ्यांच्या बाटलीची छापील किंमत वीस हजारांच्या आत आली. मग डॅक्लाटास्व्हिर आणि व्हेल्पाटास्व्हिर या जोडीदार गोळ्या आल्या. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि तपासणी व औषध दोन्ही मोफत केली. त्याच वर्षी जळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतंच. चौकशीची पहिली जागा आज हीच रुग्णालयं, मुंबई नव्हे.

या कार्यक्रमातला उपचार असा: यकृत अजून कठीण झालेलं नसेल तर सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर ८४ दिवस. यकृत कठीण झालं आहे पण काम चालू आहे अशांना सोफोस्बुव्हिर आणि व्हेल्पाटास्व्हिर, तेही ८४ दिवस. पोटात पाणी झालं असेल तर रिबाव्हिरिनची जोड, किंवा ती झेपत नसेल तर दुप्पट काळ. इंजेक्शन नाही, फ्रीज नाही, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. या गोळ्या संरक्षण यंत्रणेला चिथावत नाहीत, विषाणूचं स्वतःच्या प्रती बनवण्याचं यंत्र बंद पाडतात. इंटरफेरॉनने थायरॉईडला जो त्रास व्हायचा तो यांनी होत नाही.

पण जुनी भीती औषधाबरोबर गेली नाही. ‘थायरॉईड आहे ना तुम्हाला? मग आधी तो आटोक्यात आणा, मग कावीळचं बघू,’ हा सल्ला अजून ऐकू येतो. इंटरफेरॉनच्या काळात तो बरोबर होता. आटोक्यात नसलेल्या थायरॉईडमध्ये ते इंजेक्शन सुरू करायचं नाही असा नियमच होता. आजच्या गोळ्यांना तो नियम लागू नाही. ग्रंथी मंद आहे, टीएसएच आठ-दहा आहे म्हणून तीन-चार महिने थांबायला सांगणं म्हणजे विषाणूला तेवढे महिने यकृतात मोकळं सोडणं. थायरॉक्सिन आणि या गोळ्या एकाच दिवशी सुरू करता येतात, त्यांचं एकमेकांशी मोठं भांडण नाही. थायरॉईड फारच भडकलेली असेल, नाडी बेफाम, ताप, तर आधी तिकडे धावायलाच हवं. पण तो क्वचितचा प्रसंग आहे आणि त्यालाही आठवडे लागतात, वर्ष नाही.

रोजच्या गोळ्या मात्र नीट मांडाव्या लागतात. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही. आपल्याकडे अडचण चहाची. उठल्या उठल्या चहा लागतो, आणि चहाबरोबर गिळलेली गोळी पूर्ण शोषली जात नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत सहाला पोहोचायचं असेल तर तो अर्धा तास कुठून काढायचा? अशांना रात्रीचा पर्याय आहे: जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना. काम तेवढंच होतं, फक्त वेळ रोज तीच हवी. रमजानच्या महिन्यातही हाच मार्ग सोपा पडतो. रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियम थायरॉक्सिनपासून चार तास लांब. हिपॅटायटिसची गोळी दुपारच्या किंवा संध्याकाळच्या भाकरीसोबत ठेवली की गल्लत होत नाही. आणि थायरॉक्सिनची बाटली पत्र्याच्या घरात खिडकीत, देवळीत उन्हाला ठेवू नये. उष्णता, उजेड आणि ओल यांनी ते औषध खराब होतं. मूळ बाटलीत, घरातल्या सगळ्यात गार पण कोरड्या कोपऱ्यात. माठाशेजारी नको, तिथे ओल असते.

घोळ होतो तो तिसऱ्या गोळीमुळे. गॅसची गोळी. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल कोणी औषधात मोजतच नाही, कारण ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि घरोघर असते. पण व्हेल्पाटास्व्हिर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. ते आम्ल रोज मारून टाकलं तर औषध अंगी लागत नाही. थायरॉक्सिनचंही थोडंफार तसंच. म्हणून डॉक्टरने ‘अजून काय घेता?’ विचारलं की गॅसची गोळी, केसांची गोळी, मुळव्याधीची पुडी, सगळं सांगायचं.

याहून गंभीर एक जोडी आहे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ॲमिओडॅरोन दिलं जातं. त्या औषधात आयोडीन ठासून भरलेलं असतं, आणि ते स्वतः थायरॉईड बिघडवतं, कधी मंद करून, कधी भडकवून. तेच ॲमिओडॅरोन सोफोस्बुव्हिरबरोबर घेतलं तर नाडी धोकादायक इतकी मंद होऊ शकते. मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. म्हणजे ‘थायरॉईड आहे आणि हार्टची गोळी चालू आहे’ एवढं ऐकलं की ती गोळी कोणती हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. क्षयाचं रिफाम्पिसिन, फिटची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉईन ही औषधं सोफोस्बुव्हिरचा असर घालवतात, तीही आधी सांगायची. आणि उपचाराआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी गेला की दबून बसलेला बी डोकं वर काढू शकतो.

रिपोर्ट वाचण्याबद्दल थोडं. यकृताला सूज असली की रक्तात थायरॉईडचं हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण टी-४ चा आकडा फुगलेला दिसतो आणि रुग्णाला थायरॉईड भडकल्याचं सांगितलं जातं. खरं काय ते टीएसएच आणि फ्री टी-४ सांगतात. उलट यकृत फार कठीण झालं की टी-३ खाली जातं. ती ग्रंथीची चूक नसते, आजारी शरीराने केलेली काटकसर असते, आणि तिला थायरॉक्सिन लागत नाही. यकृताच्या तपासणीतल्या एसजीओटीचंही तसंच. ते फक्त यकृतातून येतं असं नाही, स्नायूंतूनही येतं, आणि मंद थायरॉईडमध्ये स्नायू कुरकुरतात. विषाणू गेल्यानंतरही एसजीओटी थोडं वर राहिलं तर टीएसएच बघण्याचं ते एक कारण. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस ते थांबवा. त्याने थायरॉईडचे आकडे यंत्रात चुकीचे येतात.

थायरॉईड भडकलेली असेल आणि यकृत आधीच दुखावलेलं, तर औषध निवडताना जपावं लागतं. प्रोपिलथायोयुरॅसिल क्वचित यकृत पूर्ण निकामी करू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. कार्बिमॅझोल त्या मानाने बरं, पण तेही कधी कावीळ आणतं. यकृत कठीण झालेल्या रुग्णाला अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असतं, आणि ते नाडी शांत ठेवतं. त्यामुळे थायरॉईडची धडधड झाकली जाते आणि निदान लांबतं. हाताची थरथर आणि घटणारं वजन यांकडे अशा वेळी जास्त लक्ष द्यायला हवं.

सातपुड्याच्या कडेने, नंदुरबार, शिरपूर, चोपड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आहे, आणि थॅलॅसिमियाची मुलं सगळीकडेच आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं. रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची होण्यापूर्वी चढवलेल्या रक्तातून अनेकांना विषाणू मिळाला. वारंवार रक्त घेतल्याने शरीरात लोह साचतं. ते यकृतात बसतं आणि थायरॉईडमध्येही बसतं. या मुलांची थायरॉईड विषाणूमुळेच नव्हे, लोहामुळेही मंदावते, आणि उंची न वाढणारं मूल ‘रोगटच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. यात्रेतलं गोंदण, एकच वस्तरा, आणि ‘सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही’ म्हणून गावोगावी दिलेली इंजेक्शनं, हे विषाणूचे बाकीचे रस्ते. डायलिसिसवरचे रुग्णही त्यातच येतात, आणि आजच्या गोळ्या त्यांनाही चालतात.

लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. रिबाव्हिरिन गर्भाला घातक आहे, नवऱ्याने घेतलं तरीही. ते थांबल्यावर किमान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. हिपॅटायटिसच्या बाकीच्या गोळ्याही साधारण गरोदरपणात सुरू करत नाहीत. उलट थायरॉक्सिन गरोदरपणात अजिबात थांबवायचं नाही, बहुतेकींना ते वाढवावं लागतं. ‘पोटात बाळ आहे, सगळ्या गोळ्या बंद कर’ असं सासूबाईंनी प्रेमाने सांगितलं तरी ही एक गोळी सुटता कामा नये.

ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी इंटरफेरॉन घेतलं, त्यांच्याबद्दल आज फारसं कोणी बोलत नाही. त्यातल्या अनेकांना तेव्हा सुरू झालेली थायरॉक्सिनची गोळी आजही चालू आहे, आणि ती अजून लागते का हे कोणी पाहिलेलं नाही. इंजेक्शन संपल्यावर पुष्कळांची ग्रंथी सावरते. सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी कमी करून बघायची, ही पद्धत होती. ती राहून गेली असेल तर आजही करता येते, मनाने बंद करून मात्र नाही. उलट काहींची ग्रंथी तेव्हा सावरली, पण प्रतिपिंडं रक्तात राहिली. त्यांनी वर्षातून एकदा टीएसएच बघत राहावं. इंटरफेरॉनने ज्यांचा विषाणू गेला नाही, त्यांनी तर आजच रुग्णालय गाठावं. तेव्हा न जमलेलं आता तीन महिन्यांत, फुकट होतं.

शेवटची गोळी संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त द्यायचं असतं. त्यात विषाणू सापडला नाही तर माणूस बरा झाला. प्रतिपिंडांची साधी चाचणी पुढेही आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहील, तिला घाबरू नये. तो जुन्या लढाईचा वण आहे. ही बारा आठवड्यांची तपासणी बरेच जण चुकवतात. कापूस वेचणीला आलेला असतो, तब्येत बरी वाटते, आणि जळगाव-धुळ्याची फेरी नको वाटते. जाल तेव्हा त्याच सुईतून टीएसएचसाठीही एक नळी भरून घ्या, आणि दोन्ही फाइली एकाच पिशवीत घेऊन जा.